रिकाम्या खुर्चीचे निर्णय

साखर कारखान्याच्या पॅनच्या मजल्यावर रात्रपाळीला तासभर उभे राहण्याचा प्रसंग ज्याला आला असेल, त्याने एक दृश्य खचित पाहिले असेल. निर्वाताचे व उष्णतेचे काटे समोर हलत असतात, प्रयोगशाळेतून आलेली चिठ्ठी खिळ्याला अडकवलेली असते, आणि तरीही पॅनमन पॅनच्या अंगातून नमुन्याची दांडी ओढून, तिच्यावरचा कढत पाक काचेच्या पट्टीवर पसरून, ती पट्टी दिव्यासमोर धरून दाणा न्याहाळतो, मग अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये थोडा पाक घेऊन त्याची तार किती लांब निघते हे अजमावतो, आणि कोणाशी एक शब्दही न बोलता पाण्याची कळ थोडीशी उघडतो. उमेदवारीच्या पहिल्या हंगामात अशाच एका वयस्कर पॅनमनला मी पाणी सोडण्याचे कारण विचारले होते. “साहेब, बारीक दाणा सुटायला लागलाय, दिसत नाही का?” असे तो अगदी सरळपणे म्हणाला, आणि मला तर त्या पट्टीवर मघासारखाच चकचकीत पाक दिसत होता. हा खोटा दाणा वेळीच विरघळवला नाही तर पुढे सेंट्रिफ्युगलमध्ये मळी नीट सुटत नाही, साखरेचा रंग बिघडतो आणि सारी पाळी निस्तरण्यात जाते, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. तो दाणा या घटकेला सुटू लागला आहे हे मात्र मला ठाऊक नव्हते, आणि ज्याला ते दिसत नाही त्याच्यापुढे निर्णयाचा प्रश्नच उभा राहत नाही.

कामगारांची ये-जा वाढली की उत्पादन घटते, नव्यांना शिकवण्याचा खर्च अंगावर पडतो, नासधूस होते, हे कोणताही खातेप्रमुख जाणतो व बहुधा त्याचा हिशेबही मांडतो. परंतु जाणत्या माणसाबरोबर जे सर्वांत आधी निघून जाते त्याची नोंद कीर्दीत होत नाही आणि खतावणीतही नाही. काम चालू असताना मध्येच हात वर करून “थांबा, हे आधी कोणाला तरी विचारले पाहिजे” असे म्हणणारा तो असतो; तो गेल्यावर काम पूर्वीच्याच वेगाने चालते, किंबहुना काही दिवस अधिकच सुरळीत चालल्यासारखे वाटते, कारण अडवणारे कोणी उरलेले नसते. उत्तर चुकणे ही पुढची पायरी झाली. त्याआधी प्रश्नच हरवतो. ज्यांच्या हाती एखादे खाते, कारखाना, पेढी, रुग्णालय वा सहकारी संस्था आहे त्यांनी हा हरवणारा प्रश्न कसा राखावा, एवढ्याच गोष्टीविषयी पुढील चार शब्द आहेत.

अनुभव म्हणजे काय, याचा उलगडा बुद्धिबळाच्या पटावर फार चांगला झाला आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रूट यांनी १९४६ साली आपला प्रबंध याच विषयावर लिहिला, आणि १९७३ साली विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी अमेरिकेत तो धागा पुढे नेला. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद दाखवून झाकली तर निष्णात खेळाडू ती बहुतांशी जशीच्या तशी पुन्हा मांडतो आणि नवशिका गोंधळतो. पण तीच मोहरी मनाला येतील तशी पटावर विखुरली, तर निष्णाताची ती सरशी जवळजवळ नाहीशी होते. याचा अर्थ असा की निष्णाताची स्मरणशक्ती जात्याच थोर असते असे नाही. हजारो डावांतून त्याच्या नजरेला विशिष्ट आकृत्यांची ओळख पटलेली असते. पुढे गॅरी क्लाइन यांनी आगीच्या बंबांवरील नायकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही असेच आढळले की हे लोक दोन-चार पर्याय समोर ठेवून त्यांची तुलना क्वचितच करतात. प्रसंग ओळखीचा वाटतो, त्यासरशी एक उपाय सुचतो, तो मनातल्या मनात चालवून पाहतात आणि अडला नाही तर अमलात आणतात. आमच्या कोल्हापूरकडचा गुळव्या काईलीतला पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहतो आणि काईल उतरवण्याचा हुकूम देतो, तो याच जातीचा निर्णय होय.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. अशा माणसाला “तुमचे सर्व ज्ञान लिहून द्या” असे सांगून भागत नाही, कारण आपल्याला काय दिसते हे त्याला प्रसंग समोर असल्याशिवाय सांगता येत नाही. आणि परिस्थिती फार बदलली, म्हणजे पटावरची मोहरी विखुरल्यासारखी झाली, तर त्याच्या नजरेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. दुसऱ्या गोष्टीकडे मी मागाहून वळतो. पहिलीचे मोल समजण्यासाठी एका दुर्घटनेचा तपशील नीट पाहिला पाहिजे.

इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यात फ्लिक्सबरो येथे नायलॉनचा कच्चा माल तयार करण्याचा एक कारखाना होता. तेथे सायक्लोहेक्झेन हे ज्वालाग्राही द्रव्य सहा मोठ्या भांड्यांतून ओळीने वाहत असे, आणि प्रवाह आपोआप पुढे सरकावा म्हणून प्रत्येक भांडे आधीच्यापेक्षा किंचित खाली बसवलेले होते. १९७४ च्या मार्च महिन्याच्या २७ तारखेला पाचव्या भांड्याला तडा गेल्याचे दिसले. ते भांडे काढून टाकावे आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत नळ टाकून उत्पादन पुन्हा सुरू करावे असे ठरले. भांड्यांची तोंडे २८ इंचांची, हाताशी असलेला नळ २० इंचांचा, आणि दोन्ही भांड्यांच्या उंचीत फरक असल्यामुळे त्या नळाला दोन ठिकाणी वाक देणे भाग. दोन्ही टोकांना लवचीक घड्यांचे सांधे, आणि खाली आधाराला पाडाच्या नळ्या. या साऱ्याचा आराखडा म्हणून जे काही होते ते कर्मशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेले पूर्ण आकाराचे एक रेखाटन होते. नळातून पुरेसा द्रव जाईल काय आणि सरळ नळ एवढा दाब सोसेल काय, एवढे गणित केले गेले. पण वाकलेल्या नळाला आतील दाब पिळून फिरवू पाहील, आणि ते बल घड्यांच्या सांध्यांवर पडेल, हा विचार कोणाच्याही मनाला शिवला नाही. १ एप्रिलला कारखाना चालू झाला. १ जूनला, शनिवारी सायंकाळी पाचच्या सुमारास तो नळ निखळला, वायूचा मेघ पसरून पेटला आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. सुटीचा दिवस नसता तर हा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

या प्रकरणाच्या चौकशीत उघड झालेली एक गोष्ट प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या मेजावर लिहून ठेवण्याजोगी आहे. कारखान्याचे मुख्य अभियंता, जे यंत्रशास्त्राचे सनदी अभियंते होते, ते त्याच वर्षाच्या आरंभी नोकरी सोडून गेले होते आणि त्यांची जागा अद्याप भरलेली नव्हती. जे मागे राहिले ते आळशी नव्हते, बेफिकीरही नव्हते. बंद पडलेले काम लवकर चालू व्हावे म्हणून ते मनापासून झटत होते, आणि ते अपुऱ्या नळाचे गणित करण्याइतके सावधही होते. पण या नळाच्या बाबतीत विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न आहे, हे ओळखणारा त्यांच्यात कोणी नव्हता. नळ घालण्याचा निर्णय दिसायला त्या माणसांचा. खरे म्हणजे तो एका रिकाम्या खुर्चीने घेतलेला होता.

तेव्हा माझी पहिली व सर्वांत कळकळीची सूचना रिकाम्या जागेविषयी आहे. जाणत्या माणसाची जागा मोकळी झाली म्हणजे आपण तिचा “अतिरिक्त कार्यभार” शेजारच्या अधिकाऱ्याकडे सोपवतो, आणि त्या हुकुमाबरोबर सह्यांचे सर्व अधिकारही त्याच्याकडे जातात. असे करू नये. कार्यभार सोपवण्याच्या त्याच कागदावर, ही जागा भरेपर्यंत कोणते निर्णय घ्यायचे नाहीत, अथवा बाहेरच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, याची यादी असावी. यंत्राच्या मूळ रचनेत फेरफार, सुरक्षेची कोणतीही सोय तात्पुरती बाजूला काढणे, नव्या पुरवठादाराचा माल, दीर्घ मुदतीचा करार: प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे ही यादी करावी. चार-पाच कलमे पुरतात. “तात्पुरते” हा शब्द कानावर पडला की विशेष सावध व्हावे. फ्लिक्सबरोचा नळही तात्पुरताच होता. अशा यादीने काही दिवस काम अडेल व तक्रारीही येतील, त्या सोसाव्यात, कारण जागा लवकर भरण्याची निकडही त्या तक्रारींमुळेच वरपर्यंत पोचते.

परंतु ही यादी करण्यासाठी कोणता निर्णय वस्तुतः कोणावर अवलंबून आहे हे आधी ठाऊक पाहिजे, आणि ते हुद्द्यांच्या तक्त्यावरून मुळीच कळत नाही. कागदोपत्री ऊसतोडीचा क्रम शेतकी अधिकारी ठरवतात. प्रत्यक्षात कोणत्या शिवारातली वाट पहिल्या पावसात बंद होते, कोणत्या फडातील टोळी उचल घेऊन अर्ध्यावर निघून जाण्याचा संभव आहे, हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या एखाद्या जुन्या चिटबॉयला ठाऊक असते, आणि तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून अधिकारी सकाळी गाडीत बसण्याआधी हळूच त्याला विचारून घेतात. असे विचारणे हीच त्या निर्णयाची खरी जागा. म्हणून आपल्या खात्यात एक आठवडाभर फक्त एवढे पाहावे की अडचण आली असता लोक कोणाकडे चालत जातात. जी नावे निघतील त्यांतील निम्मी तरी आपल्या अपेक्षेबाहेरची असतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. त्यांपैकी कोण दोन वर्षांत निवृत्त होणार, कोण कंत्राटी आहे, कोणाला शेजारच्या कारखान्यातून बोलावणे आले आहे, हे मग शांतपणे लिहून काढावे.

कार्यभार देण्याघेण्याची आपली रीत फार अपुरी आहे. किल्ल्या, शिक्के, रोख शिल्लक व जडवस्तूंची यादी मोजून घेतली की दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि जाणारा दुपारच्या गाडीने निघून जातो. महाराष्ट्रात शासकीय बदल्यांविषयी २००५ साली जो कायदा झाला त्यात एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. म्हणजे बदली ही अकल्पित आपत्ती नसून पंचांगातल्या सणासारखी आधीपासून दिसणारी गोष्ट आहे. खासगी कारखान्यातील निवृत्तीचेही तसेच. तरी जाणारा व येणारा एकमेकांच्या शेजारी उभे राहून काम करीत आहेत असे पंधरा दिवसही आपण राखून ठेवत नाही. ते राखावेत, आणि ते ऐन कामाचे असावेत. पॅनमनचा वारस ऑगस्टमध्ये, यंत्रे उघडून ठेवलेली असताना त्याच्याबरोबर हिंडून काय शिकणार? त्याने डिसेंबरात, पॅन भरलेला असताना काचेची पट्टी आधी स्वतः पाहावी, काय दिसते ते बोलून दाखवावे, आणि मग जुन्याने तीच पट्टी घेऊन आपल्याला काय दिसते ते सांगावे. हा क्रम उलटा करू नये, कारण जुन्याने आधी सांगितले की नव्याला तेच दिसू लागते, किंवा तो दिसल्यासारखे करतो.

लेखी नोंदीविषयी थोडेच सांगतो. आपल्या दफ्तरात ठराव असतात, हुकूम असतात, आणि मंजुरीचे शेरेही असतात. ते का दिले याचा पत्ता सहसा नसतो. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाखाली तीन ओळी जादा लिहिण्याची सवय लावावी: कारण काय होते, दुसरा कोणता उपाय विचारात घेऊन सोडला व का सोडला, आणि कोणती परिस्थिती बदलल्यास हा निर्णय पुन्हा तपासावा. सोडून दिलेल्या उपायाची ओळ सर्वांत मोलाची, कारण पाच वर्षांनी येणारा हुशार नवा अधिकारी नेमका तोच उपाय नवा म्हणून मांडणार असतो. तिसरी ओळ जुन्यांना सावध करते. एके काळी आमच्याकडे को ७४० जातीचा ऊस सर्वत्र होता, पुढे को ८६०३२ आली. पक्वतेच्या काळावर बसवलेला तोडणीचा जुना क्रम त्यानंतर मुकाट्याने चालवायचा, की फिरून तपासायचा? जातीचे नाव कारणात लिहिलेले असेल तरच हा प्रश्न उठतो.

येथे मघाशी बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे, कारण जुन्या माणसांचा एवढा कैवार घेतल्यावर त्यांच्या अनुभवाचे जे ओझे संस्थेवर पडते त्याविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या महाराष्ट्रात अनुभव कधीही न बदलणाऱ्या हातांत राहिल्यास काय होते याचे उदाहरण गावोगावच्या कुळकर्णी दफ्तरात होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे वहिवाट; प्रत्येक बांध, प्रत्येक हक्क, प्रत्येक थकबाकी त्या घरातल्या माणसाला तोंडपाठ, आणि मोडीतले रुमाल त्याच्याच माजघरात. ज्ञान म्हणावे तर असे ज्ञान पुन्हा होणे नाही. पण ते दुसऱ्या कोणाला तपासता येत नव्हते, म्हणून ज्याच्या जमिनीचा निवाडा व्हायचा तो कुणबी सर्वस्वी त्याच्या मर्जीवर होता, आणि महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये याच अवस्थेवर प्रहार केला. १९५० च्या कायद्याने ही वतने नाहीशी झाली व पगारी तलाठ्यांचा अंमल सर्वत्र झाला, ते योग्यच झाले. ज्या कारखान्यात वीस वर्षे एकाच माणसाला बॉयलरची खोड ठाऊक आहे आणि तो ती दुसऱ्या कोणाला सांगत नाही, तेथेही लहान प्रमाणात एक वतनच निर्माण झालेले असते, आणि तेथील व्यवस्थापकाने त्या माणसाचा मान राखून पण निश्चयाने त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा केला पाहिजे.

जेम्स मार्च यांनी १९९१ साली संस्थांच्या शिकण्याविषयी जो निबंध लिहिला त्यातील गणिती प्रतिमानातही असेच निघाले की माणसांची बेताची ये-जा संस्थेला हितावह ठरते. नवा माणूस सरासरीने जुन्यापेक्षा कमी जाणत असतो, परंतु तो जे जाणतो ते संस्थेला आधीच ठाऊक असलेल्याची पुनरुक्ती नसते. म्हणून नव्या माणसाचे पहिले तीन महिने वाया घालवू नयेत. त्याला एक वही द्यावी आणि ज्या ज्या गोष्टीचे नवल वाटेल ती तीत टिपण्यास सांगावे; महिन्याच्या अखेरीस खातेप्रमुखाने स्वतः ती वाचावी. त्यातले बरेच प्रश्न अज्ञानाचे असतील, त्यांची उत्तरे देण्यात त्याचे शिक्षण होईल. एखाद-दुसरा प्रश्न असा असेल की त्याचे उत्तर जुन्या कोणालाही देता येणार नाही, तो मात्र जपून ठेवावा. तीन महिन्यांनंतर त्याला नवल वाटेनासे होते.

कोणाच्या अंतःप्रेरणेवर किती विसंबावे याची कसोटी डॅनिएल कानमन आणि गॅरी क्लाइन यांनी, मूळचे एकमेकांच्या विरुद्ध पक्षाचे असूनही, २००९ साली एकत्र बसून दिली आहे: ज्या क्षेत्रात घडामोडींना काही नियमितपणा आहे आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला हे माणसाला वारंवार कळत राहते, तेथेच अनुभवी नजर विश्वासास पात्र होते. पॅनमनला आपल्या पॅनचा निकाल काही तासांत समजतो, आणि एका हंगामात असे शेकडो निकाल त्याच्या डोळ्यांखालून जातात. उलट, मुलाखतीत पाच मिनिटांत माणूस ओळखण्याचा दावा करणाऱ्या संचालकाने नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला हे त्याला कधीच कळत नाही. त्याची तीस वर्षे ही अनुभवाची तीस वर्षे होत नाहीत. म्हणून ज्येष्ठतेला मान द्यावा, पण निर्णयात तिचे वजन धरताना या माणसाला आपल्या चुका कळत आल्या आहेत काय, एवढे पाहावे. मसलतीच्या वेळी बोलण्याचा क्रमही बदलावा. सैनिकी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सभासदाने आपले मत आधी सांगण्याची जुनी रीत आहे. वरिष्ठांचे मत ऐकल्यावर कनिष्ठाला स्वतंत्र मत उरत नाही, हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान तिच्या मुळाशी आहे, आणि आपल्या साप्ताहिक बैठकीत ही रीत पाळायला एक पैसाही खर्च येत नाही.

माणसे टिकवण्याविषयी लिहावे तेवढे थोडे. साखर धंद्याने या बाबतीत एक शहाणपणाची तजवीज फार पूर्वी केली: गाळप वर्षातले काही महिनेच चालते, तरी हंगामी कामगारांना बंद काळात वेतनाचा काही अंश रिटेन्शन भत्ता म्हणून मिळतो. ज्याला हा रिकामपणाचा पगार वाटतो त्याने त्या भत्त्याच्या अभावी बॉयलर पेटण्याच्या दिवशी आपल्यापुढे कोण उभे असेल याची कल्पना करावी. जेथे दर अकरा महिन्यांनी कंत्राट बदलते व तीच कामे नव्या चेहऱ्यांकडे जातात, तेथे मजुरीत वाचलेले पैसे निर्णयांच्या खात्यावर खर्ची पडत असतात. आणि जो माणूस उद्या येथे असणार नाही, त्याने आज हात वर करून काम थांबवण्याचे धाडस का करावे? थांबवणाऱ्याला संरक्षण हवे. त्याचे थांबवणे दहांतून नऊ वेळा अनाठायी ठरले तरी त्याच्या वार्षिक शेऱ्यात ते उतरू नये.

शेवटी जाणाऱ्या माणसाविषयी. निरोपसमारंभाच्या आदल्या आठवड्यात, हार-नारळाची तयारी चालू असताना, त्याला कोणी तरी एक तास एकांतात बसवावे, आणि “तुम्ही काय काय करता?” हे न विचारता, “गेल्या दोन हंगामांत तुम्ही चालू काम केव्हा केव्हा थांबवलेत, किंवा थांबवावेसे वाटूनही थांबवले नाहीत?” असे विचारावे. प्रसंग आठवले की बारकावे आपोआप येतात. शक्य तर ज्याला त्याची जागा मिळणार आहे त्यानेच हे लिहून घ्यावे. मग पुढच्या हंगामात, गाळप रंगात आल्यावर महिना-दीड महिन्याने, त्याला एक दिवस पुन्हा बोलवावे. सर्व मजल्यांवरून नेऊन आणावे, आणि त्याचे पाऊल जेथे जेथे थबकेल तेथे का थबकले हे विचारावे. त्या दिवसाचा मेहनताना आणि येण्याजाण्याचा खर्च त्याच्या हातात रोख द्यावा, आणि तो खर्च देखभालीच्या खात्यावर टाकावा.